एका खुणेपुरती जागा

मंडळी, आज पुन्हा कॉम्प्युटरचं पुराण. घरच्यांनी लगेच पळ काढू नये, यात टेलिफोन आहे आणि अवकाशयानसुद्धा!

दोन यंत्रं एकमेकांशी बोलताना कधीतरी 'आधी तू, आधी तू' करत कायमची अडकून बसतात. हजार वेळा चालवून पाहिलं तरी ही चूक सापडेलच असं नाही. १९८० च्या सुमारास बेल लॅब्जमधले डच संशोधक जेरार्ड होल्झमान याच्याच मागे लागले होते. यंत्रांचे नियम एका काटेकोर भाषेत लिहायचे (तिचं नाव पुढे प्रोमेला पडलं) आणि शक्य असलेली प्रत्येक अवस्था प्रोग्रॅमकडून तपासून घ्यायची. त्यांचं 'स्पिन' हे नियम ओळीओळीने वाचत बसत नाही. तेवढ्याच नियमांसाठी सी भाषेत एक वेगळा प्रोग्रॅम लिहून देतं, तो कंपाइल करून पळवायचा. त्यामुळे वेग मिळतो.

खरी अडचण मेमरीची. आधी पाहिलेली अवस्था लक्षात नसेल तर गोल गोल फिरणं आलं. समजा एका अवस्थेला १०० बाइट लागतात. मग ८ मेगाबाइटमध्ये जेमतेम ८० हजार अवस्था मावणार. १९८७ मध्ये होल्झमान यांनी सुचवलं, की अवस्था साठवूच नका! तिच्यावरून एक आकडा काढा आणि त्या क्रमांकाच्या घरात फक्त एक बिट, म्हणजे एक खूण करा. तेवढ्याच मेमरीत आता सहा कोटींवर घरं..

यात गोम आहे बरं का. दोन अवस्थांना एकच घर मिळालं तर दुसरी न तपासताच सुटते. म्हणजे 'चूक सापडली नाही' यावर पूर्ण भरवसा नाही, पण सापडलेली चूक मात्र खरीच. मला हा सौदा भयंकर आवडतो.

१९९१ पासून स्पिन सगळ्यांना फुकट मिळू लागलं. १९९७ मध्ये नासातल्या क्लाउस हावेलुंड आणि सहकाऱ्यांनी 'डीप स्पेस १' यानाच्या 'रिमोट एजंट' या प्रोग्रॅमचा एक भाग त्यातून तपासला. पाच चुका निघाल्या. मे १९९९ मध्ये, यान पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटरवर असताना, रिमोट एजंट अडकलाच. चूक आधी सापडलेल्या पाचांपैकी एकीच्याच जातीची, फक्त न तपासलेल्या भागातली! जमिनीवरच्या लोकांनी कारण शोधलं, प्रयोग पुन्हा सुरू केला आणि पुरा केला.

होल्झमान स्वतः २००३ मध्ये नासाच्या जेपीएलमध्ये रुजू झाले.