डोव्हर ते कॅले

इ. स. १८१४ च्या उन्हाळ्यांत इंग्रजांस एक जुनाच मार्ग नव्यानें सांपडला. १८०३ सालीं आमियाँचा तह मोडला, नेपोलियननें फ्रान्समध्यें असलेल्या इंग्रज प्रवाशांस अटकेंत ठेवलें, आणि तेव्हांपासून इंग्लिश खाडीपलीकडे हौसेनें जाणें म्हणजे बंदिवासास आमंत्रण देणें होऊन बसलें. अकरा वर्षें डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांवरून समोरचा किनारा नुसता दिसत राहिला. एप्रिल १८१४ मध्यें नेपोलियननें सिंहासन सोडलें, ३० मे रोजीं पॅरिसचा तह झाला, आणि पॅरिस पाहावयास इंग्रज प्रवाशांची एकच रीघ लागली. त्या रिघेंत २८ जुलै रोजीं एक जोडपें निघालें. तें मात्र कोणाचा निरोप न घेतां.

जोडपें हा शब्दही येथें जरा जपूनच वापरावयास हवा. पर्सी बिश शेली हा एकवीस वर्षांचा कवि. मेरी ही प्रसिद्ध तत्त्वज्ञ विल्यम गॉडविन यांची कन्या. सतरावें वर्ष पुरें व्हावयास तिला अजून महिन्याचा अवकाश होता. शेलीचा विवाह पूर्वींच झालेला. पत्नी हॅरिएट हिच्या पदरीं एक वर्षाची मुलगी आणि पोटांत दुसरें मूल. विवाहसंस्थेवर गॉडविन यांनीं आपल्या ग्रंथांत कठोर प्रहार केले होते; परंतु शिष्यानें तो सिद्धांत गुरूच्याच घरीं लागू करूं म्हटल्यावर गुरूंनीं दार लावून घेतलें. ग्रंथकारांची अशी पंचाईत पुष्कळदां होते. दोघांबरोबर तिसरी निघाली ती मेरीची सावत्र बहीण जेन. हीच पुढें क्लेअर या नांवानें ओळखली गेली. ती सोळा वर्षांची होती.

पहांटे चार वाजतां गाडी सांगून ठेवलेली होती. विजा आणि तारे फिके पडेपर्यंत शेली जागाच होता. मुली घरांतून निसटल्या तेव्हां वडील झोंपेंत होते. मागाहून त्यांनीं रोजनिशींत केवळ पहांटेची वेळ तेवढी टिपून ठेवली.

लंडनपासून डोव्हर सुमारें ७० मैल. तसा कडक उन्हाळा त्या देशांत कित्येक वर्षांत पडला नव्हता. मेरीस वरचेवर घेरी येई; म्हणून प्रत्येक टप्प्यावर थांबावें लागे, आणि थांबावें तर पाठलागाची धास्ती. डार्टफर्ड येथें शेलीनें चार घोडे जोडविले. दुपारीं चारच्या सुमारास तिघें डोव्हरास पोहोंचलीं. मेरीनें समुद्रांत स्नान केलें, तेव्हां तिला कोठें हुशारी वाटली.

टपालाचें जहाज दुसऱ्या दिवशीं सुटावयाचें होतें. तोंपर्यंत थांबणें म्हणजे पाठीमागून येणाऱ्यांच्या हातीं आयतेंच सांपडणें. वाफेच्या बोटी त्या खाडींत अजून येऊं लागल्या नव्हत्या. शेलीनें खलाशांशीं आणि जकातीच्या अंमलदारांशीं बोलणें करून एक लहानशी शिडाची होडी ठरविली. सामानाच्या पेट्या मागाहून यावयाच्या ठरल्या. दोन तासांत पलीकडे नेतों, असें खलाशी म्हणाले.

संध्याकाळ मोठी रम्य होती. वारा इतका मंद, कीं शीड नुसतें फडफडत राही. मग चंद्र उगवला, रात्र पडली, समुद्राला उसळी आली आणि वारा उलटा फिरला. मेरीला समुद्र लागला. शेलीनें तिला रात्रभर आपल्या अंगाशीं धरून ठेवलें; तो स्वतः थकून गेला होता, पण तिचें डोकें हालूं नये एवढीच त्याची खटपट चालली होती. ती मधूनमधून जागी होऊन कोठवर आलों म्हणून विचारी, आणि दर वेळीं अर्धी वाटही झालेली नाहीं, असेंच उत्तर मिळे. दोन तासांची बोली केव्हांच हवेंत विरून गेली होती. कॅले साधलें नाहीं तर बूलोनच्या बाजूस जावें, असा विचार खलाशी करूं लागले. तोंच गडगडाटासह वादळाचा एक तडाखा शिडावर बसला आणि लाटा होडींत शिरल्या. खलाशांनाही धडगत दिसेना. शेलीनें त्या क्षणीं मरणाचा विचार केला. भीतीपेक्षां निराशाच त्याला अधिक वाटली, असें त्यानें रोजनिशींत लिहिलें आहे. खलाशांनीं कसेंबसें शीड आवरलें. पुढें वारा अनुकूल झाला, आणि त्याच वादळानें होडी थेट कॅलेस नेऊन पोहोंचविली. मेरी जागी झाली तेव्हां धक्क्यावर सूर्य उगवत होता.

पेट्या टपालाच्या जहाजानें आल्या, आणि त्याच जहाजानें गॉडविनबाईही आल्या. एक लठ्ठशी बाई आली आहे आणि आपल्या मुलीस शेलीनें पळविलें असें म्हणते आहे, अशी वर्दी संध्याकाळीं जहाजाच्या कप्तानानें खाणावळींत आणून दिली. बाईंचा डोळा मेरीवर नव्हता, स्वतःच्या पोटच्या जेनवर होता. जेन ती रात्र आईपाशीं राहिली. सकाळीं मात्र तिनें आपण पुढेंच जाणार म्हणून सांगितलें. गॉडविनबाई उलट एक शब्दही न बोलतां परत फिरल्या.

या प्रवासाचें वर्णन १८१७ सालीं, कर्त्यांचीं नांवें न घालतां, पुस्तकरूपानें छापलें गेलें. त्यांत होडी आहे, वादळ आहे, सूर्योदय आहे. लठ्ठ बाई नाहीं. ती पाहावयाची तर रोजनिशीकडेच जावें लागतें.

सहा आठवड्यांत पैसा संपला. १३ सप्टेंबर रोजीं तिघें ग्रेव्हसेंड येथें उतरलीं तेव्हां जहाजाचें भाडें देणेंच होतें. लंडनमध्यें शेली पैशांसाठीं हॅरिएटच्या दारीं गेला, आणि मेरी व जेन बाहेर गाडींत दोन तास बसून राहिल्या.