लबेग समाकलन : माप सिद्धांताविना मांडणी

बेर्नहार्ट रीमान (१८२६–६६) यांनी १८५४ मध्ये दिलेल्या व्याख्येनुसार समाकल काढताना चलाच्या अंतरालाचे लहान लहान भाग पाडतात. परिमेय संख्यांना १ व अपरिमेय संख्यांना ० हे मूल्य देणाऱ्या फलनाला ही व्याख्या लागू पडत नाही. कारण कितीही लहान भाग घेतला, तरी त्यात दोन्ही प्रकारच्या संख्या असतात. आंरी लबेग (१८७५–१९४१) यांनी १९०२ च्या आपल्या प्रबंधात ‘लांबी’ ही कल्पना संचांपर्यंत वाढवून प्रथम माप व त्यावरून समाकल व्याख्यित केला. त्यामुळे मापनीय संचांचे विस्तृत विवेचन ओलांडल्यावरच समाकलाकडे वळावे, असा अध्यापनाचा परिपाठ पडला.

हा क्रम अपरिहार्य नाही. पर्सी जॉन डॅनिएल (१८८९–१९४६) यांनी १९१८ मध्ये साध्या फलनांचा समाकल गृहीत धरून सीमाक्रियेने त्याचा विस्तार केला. हंगेरियन गणितज्ञ फ्रिजेश रीस (१८८०–१९५६) यांच्या मांडणीत आरंभ पायरी फलनांपासून होतो. त्यांचा समाकल म्हणजे आयतांच्या क्षेत्रफळांची बेरीज होय. ज्या संचाला, एकूण लांबी हवी तितकी लहान असलेल्या गणनीय अंतरालांनी झाकता येते, तो उपेक्षणीय संच. पायरी फलनांची क्रमिका वाढती असून त्यांचे समाकल मर्यादित असल्यास, उपेक्षणीय संच वगळता ती सांत सीमेकडे जाते. समाकलांची सीमा हाच त्या सीमाफलनाचा समाकल मानतात. अशा दोन फलनांच्या वजाबाकीने सर्व लबेग समाकलनीय फलने मिळतात. परिमेय संख्यांचा संच उपेक्षणीय असल्याने वरील फलनाचा समाकल ० येतो.

माप येथे शेवटी येते : संचावर १ व अन्यत्र ० असणाऱ्या फलनाचा समाकल अस्तित्वात असल्यास तोच त्या संचाचे माप होय.

यामुळे श्रम नाहीसे होत नाहीत, त्यांचे स्थान बदलते. ० कडे उतरणाऱ्या पायरी फलनांचे समाकलही ० कडे जातात, हे सिद्ध करावे लागते व तेथे हाइने-बोरेल प्रमेय लागते. मात्र हे प्रमेय प्राथमिक विश्लेषणातील असल्याने विद्यार्थ्याला परिचित असते. संभाव्यता सिद्धांताला आंद्रेई कोल्मोगोरॉव्ह यांनी १९३३ मध्ये मापाचाच पाया दिला. तेथे घटनांची संभाव्यता हेच माप असल्याने मूळ क्रम अधिक स्वाभाविक ठरतो.