फ्लोबेरच्या कादंबऱ्यांतील अप्राप्य सुख

गुस्ताव्ह फ्लोबेर (१८२१–१८८०) या फ्रेंच कादंबरीकाराची पात्रे सुखी होत नाहीत, हे कथानकावरूनही कळते. सुख त्यांच्या हाती का लागत नाही, हे मात्र त्याच्या वाक्यांतून कळते. क्रियापदाचा काळ, निवेदकाचा आवाज आणि दोन प्रसंगांची जुळणी यांतूनच तो सुखाला पात्रांपासून दूर ठेवतो. ‘मादाम बोव्हारी’ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. रूआंजवळच्या क्रोआसे येथील घरी १८५१च्या सप्टेंबरात त्याने ही कादंबरी लिहायला घेतली आणि १८५६मध्ये ती पुरी केली. लिहिलेले तो मोठ्याने वाचून पाही आणि कानाला खटकेल ते बदली.

कादंबरीची नायिका एमा ही शेतकऱ्याची मुलगी. मठातल्या शाळेत चोरून वाचलेल्या प्रणयकथांवर तिची सुखाची कल्पना पोसली जाते. शार्ल बोव्हारी या खेड्यातल्या साध्याभोळ्या वैद्याशी लग्न झाल्यावर त्या कथांतले काहीच वाट्याला येत नाही. एका उमरावाच्या वाड्यावरील नृत्यसमारंभाचे निमंत्रण तेवढे एकदा येते. परतीच्या वाटेवर शार्लला रेशमी भरतकामाची सिगारची डबी सापडते. एमा ती कपाटात लपवते, अधूनमधून उघडून तिच्या अस्तराचा वास घेते. पॅरिसचा नकाशा विकत आणून त्यावर बोट फिरवत ती त्या शहरात हिंडते. प्रत्यक्ष पॅरिस तिला कधीच दिसत नाही. पुढच्या वर्षी निमंत्रणही येत नाही.

ही प्रतीक्षा फ्लोबेर फ्रेंचमधील अपूर्ण भूतकाळात सांगतो. चालू असलेल्या किंवा पुन्हापुन्हा घडणाऱ्या क्रियेचा हा काळ. मराठीतल्या ‘ती खिडकीशी बसे, वाट पाही’ या रीतिभूतकाळाशी त्याचे जवळचे नाते आहे. एकदाच घडलेली गोष्ट संपते, पण या काळातली क्रिया संपल्याचे वाक्य सांगतच नाही. फ्लोबेरने या काळाचा केलेला वापर किती नवा होता, हे कादंबरीकार मार्सेल प्रूस्तने १९२०मधील एका लेखात दाखवून दिले.

या तंत्राची सारी ताकद दुसऱ्या भागातील एका रात्रीच्या प्रसंगात दिसते. एमा प्रियकर रोदोल्फबरोबर पळून जायच्या बेतात आहे. शेजारी शार्ल पडला आहे आणि ती झोपेचे सोंग घेते. शार्ल मुलीच्या, बेर्तच्या, भवितव्याचे मनोरथ रचतो: ती मोठी होईल, शाळेतून शाईचे डाग घेऊन घरी येईल, आईसारखी गवती टोपी घालेल आणि दुरून दोघी बहिणी वाटतील. हे सारे बहुतांशी ‘असे होईल’ या रूपात येते. एमाचे स्वप्न मात्र अपूर्ण भूतकाळात आहे. चौखूर उधळलेले घोडे तिला आठवडाभर नव्या देशाकडे नेतच आहेत, जणू प्रवास कधीच सुरू झाला आहे. त्या देशातले तिचे दिवस भव्य आहेत, पण सगळे एकसारखे. ज्या एकसुरीपणाला ती विटली आहे, तोच तिच्या सुखाच्या चित्रातही शिरला आहे आणि दोन्हींचा काळही एकच आहे. तिचा भ्रम वाचकाला सांगायला फ्लोबेरला निराळे भाष्य करावे लागत नाही. पुढे रोदोल्फ जर्दाळूंच्या टोपलीतून नकाराची चिठ्ठी धाडतो. अखेरीस पोरकी बेर्त सूतगिरणीत कामाला लागते. शार्लचे स्वप्न मोडते ते मनाला अधिक लागते, कारण त्याने फारच थोडे मागितले होते.

दुसरे साधन म्हणजे निवेदकाच्या वाक्यात पात्राचे मन मिसळणे. ‘तिला वाटले’ असे न म्हणता एमाचे विचार थेट निवेदनात उतरतात. तिची ओढ वाचकाला आतून जाणवते आणि त्याच वाक्यात तिच्या शब्दांचा उसनेपणाही दिसतो. निवेदक स्वतः निवाडा करत नाही. अनीतीच्या आरोपावरून १८५७मध्ये खटला झाला, तेव्हा एमाला दोषी ठरवणारे पात्र पुस्तकात कोणीच नाही, ही सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांची मोठी तक्रार होती. ७ फेब्रुवारीला फ्लोबेर निर्दोष सुटला.

तिसरे साधन जुळणीचे. कृषिमेळ्याच्या प्रसंगात रोदोल्फची प्रेमाची भाषा आणि खतासाठी जाहीर होणारी बक्षिसे एकाआड एक येतात. दोन्ही बोलणी सारखीच ठराविक असल्याचे त्यातून उघड होते.

‘भावनिक शिक्षण’ (१८६९) या कादंबरीत दिशा उलटते. एमाचे सुख पुढे होते, इथल्या नायकाचे, फ्रेदेरिक मोरोचे, मागे राहते. त्याच्या प्रवासाची आणि एकाकीपणाची वर्षे लेखक मोजक्या त्रोटक वाक्यांत उरकतो. शेवटी फ्रेदेरिक आणि त्याचा मित्र पोरवयातला एक फसलेला बेत आठवतात: फुले घेऊन दोघे वेश्यागृहात गेले होते, पण फ्रेदेरिक घाबरून पळाला आणि मित्रालाही त्याच्यामागे जावे लागले. आयुष्यातले सर्वांत चांगले तेच होते, यावर दोघांचे एकमत होते. म्हणजे जे घडलेच नाही, तेच त्यांच्या वाट्याचे सुख.

फ्रेंच विचारवंत ज्यूल द गोतिए याने १८९२मध्ये फ्लोबेरच्या पात्रांतील वृत्तीला ‘बोव्हारीवाद’ हे नाव दिले: आपण जे नाही ते आहोत असे मानण्याची माणसाची शक्ती. १९०२च्या ग्रंथात त्याने ही कल्पना एमापुरती न ठेवता मनुष्यमात्राला लावली.