न जुळणाऱ्या १७ नोंदी

पत्रिकेत किंवा पंचांगात तुम्ही ‘हर्षल’ हे नाव वाचलं असेल. तो म्हणजे युरेनस. त्याचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांच्या नावावरून ते आपल्याकडे आलं. १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधल्या बाथ इथे, स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून त्यांना तो दिसला. आधी त्यांना तो धूमकेतू वाटला. कक्षेचं गणित मांडल्यावर मात्र तो ग्रह निघाला, सूर्याभोवती एक फेरी मारायला ८४ वर्षं घेणारा.

पण युरेनस तर अगदी अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांनीही जेमतेम दिसतो. मग त्याआधी तो कुणालाच कसा दिसला नाही? दिसला होता ना! जॉन फ्लॅमस्टीडने १६९० मध्येच वृषभ राशीतला ३४ क्रमांकाचा तारा म्हणून त्याची नोंद केली होती. पॅरिसच्या ल मॉनिएने तर १७५० ते १७६९ या काळात त्याला अनेकदा टिपलं. प्रत्येक वेळी ‘तारा’ म्हणूनच.

हर्शेलच्या शोधानंतर लोकांनी जुन्या वह्या धुंडाळून अशा नोंदी शोधून काढल्या. त्या सोन्यासारख्या होत्या, कारण ८४ वर्षांची कक्षा चाळीसेक वर्षांच्या निरीक्षणांवरून ठरवणं अवघडच.

आता खरी अडचण सुरू होते. १८२१ मध्ये अलेक्सी बूव्हारने युरेनसची कोष्टकं तयार केली, म्हणजे ग्रह कधी कुठे दिसेल याचे तक्ते. त्याच्याकडे १७८१ नंतरची निरीक्षणं होती आणि त्याआधीच्या १७ नोंदी. गुरू आणि शनीची ओढ धरूनही दोन्ही एका कक्षेत बसेनात. मग त्याने जुन्या नोंदी बाजूला ठेवल्या. दोष त्या नोंदींत आहे की ग्रहावर एखादी अज्ञात ओढ काम करतेय, हे पुढचे लोक ठरवतील असं त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

काही वर्षांतच युरेनस नव्या कोष्टकांनाही जुमानेना. १८४५ पर्यंत चूक साधारण २ कलांवर गेली. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा हा साधारण पंधरावा भाग. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेव्हाच्या खगोलशास्त्रासाठी ही मोठी चूक होती. जुन्या निरीक्षकांच्या हातून इतकी मोठी गफलत होणार नाही, असं बेसेलसारख्या काटेकोर माणसाचंही मत होतं.

ल व्हेरिएने मग जुन्या आणि नव्या, दोन्ही नोंदी घेऊन गणित उलटं मांडलं: अशी ओढ लावणारा ग्रह कुठे असायला हवा? २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये गालेने दुर्बीण तिकडे वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. केंब्रिजमध्ये ॲडम्सही स्वतंत्रपणे याच गणितामागे होता.

गंमत बघा. १८२२ च्या सुमारास युरेनसने नेपच्यूनला मागे टाकलं होतं. तोवर नेपच्यून त्याला पुढे ओढत होता, नंतर मागे खेचू लागला. म्हणजे बूव्हारची कोष्टकं छापली गेली ती नेमकी ओढीची दिशा बदलताना!

अजून एक. नेपच्यून सापडल्यावर त्याच्याही जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला. पॅरिसच्या लालांद वेधशाळागटाच्या वहीत ८ आणि १० मे १७९५ या दोन दिवशी एकच ‘तारा’ टिपलेला निघाला. दोन्ही जागा जुळत नव्हत्या, म्हणून छापताना पहिली नोंद गाळली आणि दुसरीपुढे शंकेची खूण केली. खरं तर दोन्ही बरोबर होत्या. दोन दिवसांत नेपच्यून सरकला होता!

आज आम्ही अशा आकड्यांना ‘आउटलायर’ म्हणतो आणि आलेखातून ते वगळायला एक क्लिक पुरतं. बूव्हार आणि लालांद, दोघांनीही नोंदी वगळल्या, पण मूळ वह्या कुणी फाडल्या नाहीत. म्हणून तर पन्नास वर्षांनी नेपच्यूनची कक्षा नीट ठरवायला तीच वही कामी आली.