एन्झाइमे आणि प्रथिनांची कसोटी

यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या निर्जीव रसानेही साखरेचे किण्वन होते, हे एडुआर्ड बुखनर यांनी १८९७ मध्ये दाखवून दिले. परंतु एन्झाइम हा रासायनिक दृष्ट्या पदार्थ तरी कोणता, हा प्रश्न त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे अनिर्णीत राहिला. या काळात ज्यांचा शब्द प्रमाण मानला जाई ते म्हणजे हरितद्रव्यावरील संशोधनासाठी १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळविलेले रिखार्ड विलश्टेटर. हॉर्सरॅडिश या मोहरीच्या कुळातील वनस्पतीच्या मुळांपासून पेरॉक्सिडेज हे एन्झाइम ते उत्तरोत्तर शुद्ध करीत गेले. अखेरीस द्रावणाची क्रियाशीलता कायम राही, मात्र प्रथिनाच्या रूढ कसोट्या नकारार्थी येत. यावरून एन्झाइम हे प्रथिन नव्हे, प्रथिन हे त्याचे केवळ वाहक होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वस्तुतः ज्या अत्यल्प प्रमाणात एन्झाइम आपले कार्य करते, तेवढे प्रथिन ओळखण्याची शक्तीच त्या कसोट्यांत नव्हती. कसोटीची मर्यादा ही पदार्थाचा गुणधर्म म्हणून गणली गेली.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर यांनी १९१७ मध्ये युरिएज हे एन्झाइम शुद्ध रूपात मिळविण्याचे काम हाती घेतले. वयाच्या सतराव्या वर्षी शिकारीतील अपघाताने त्यांचा डावा हात गेला होता, आणि ते मूळचे डावखुरे! आपल्याकडील अबईशी जवळचे नाते असलेल्या जॅक बीन या शेंगेच्या बियांत युरिएज विपुल असते, म्हणून त्यांनी ती निवडली. प्रयोगशाळेत शीतपेटी नसल्याने अर्काची पात्रे खिडकीबाहेर ठेवून कडाक्याच्या थंडीची वाट पाहावी लागे. अल्कोहोलऐवजी अॅसिटोन वापरल्यावर १९२६ मध्ये यश आले. रात्रभर थंडीत राहिलेल्या द्रवाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहताच इवले स्फटिक दिसले. ते प्रथिनाचे होते, आणि त्यांच्या द्रावणात युरिएजची क्रिया अतिशय तीव्र होती.

तरीही विलश्टेटर यांच्या अनुयायांना हे पटले नाही. स्फटिकाला खरे एन्झाइम नुसते चिकटून आले असेल, हा त्यांचा आक्षेप सर्वस्वी पोकळ म्हणता येणार नाही. जॉन नॉर्थ्रॉप यांनी १९३० मध्ये पेप्सिनचे स्फटिक मिळविले आणि प्रथिन जितके बिघडते तितकीच क्रियाही घटते हे मोजून दाखविले, तेव्हा वाद मिटत गेला. समनर, नॉर्थ्रॉप व वेंडेल स्टॅन्ली यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९७५ मध्ये युरिएजमध्ये निकेल हा धातू असल्याचे आढळले, तर १९८२ मध्ये थॉमस चेक यांच्या प्रयोगशाळेने काही आरएनए रेणूही उत्प्रेरकाचे कार्य करतात असे दाखविले. तेव्हा समनर यांचे विधान बहुतांश एन्झाइमांपुरतेच खरे ठरते.

पेरॉक्सिडेजची कथा याहून चमत्कारिक आहे. नेदरलंड्समध्ये व्हान वीमेन व स्खूर्स यांनी १९७१ मध्ये हॉर्सरॅडिशचे हेच एन्झाइम प्रतिपिंडांच्या साहाय्याने होणाऱ्या चाचणीत खूण म्हणून वापरले. एन्झाइमाचा एक रेणू असंख्य रंगीत रेणू घडवितो, त्यामुळे लेशमात्र प्रथिनही डोळ्यांना दिसते. त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये एंगवॉल व पर्लमान यांनी अल्कलाइन फॉस्फटेज वापरून अशीच रीत सिद्ध केली. हीच आज एलायझा या नावाने प्रसिद्ध आहे. ज्या पेरॉक्सिडेजमधील प्रथिन विलश्टेटर यांना सापडले नाही, तेच आता इतर प्रथिनांचा माग काढण्यासाठी प्रयोगशाळांतून वापरले जाते.