कोळशाच्या खाणींतला बँजोवादक

‘बँजो’ हा शब्द ऐकतांच मुंबईकर वाचकाच्या डोळ्यांपुढें गणपतीच्या मिरवणुकींतलें, टंकलेखनयंत्रासारख्या बटणांचें वाद्य उभें राहील. तें वस्तुतः बुलबुलतरंग होय; जपानी वाद्याचा तो हिंदी अवतार. मूळ बँजोशीं त्याचें नांवापलीकडे नातें नाहीं. आम्हांस ज्याविषयीं लिहावयाचें आहे त्या बँजोचें तोंड डफासारखें कातड्यानें मढविलेलें असतें, मान लांब असते, आणि पांच तारांपैकीं एक आंखूड तार सतारीच्या चिकारीप्रमाणें एकच स्वर सारखा धरून ठेवते.

अमेरिकेंतील अपालाचियन डोंगर हें या वाद्याचें माहेर, असा समज फार पसरलेला आहे. माहेर खरें पश्चिम आफ्रिकेंत. भोपळ्यावर कातडें ताणून केलेल्या तेथील वाद्यांची घडण गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनीं स्मरणांत बरोबर नेली. शेंकडों गुलामांचा धनी असलेल्या थॉमस जेफर्सननेंही व्हर्जिनियाविषयींच्या आपल्या ग्रंथांत हें वाद्य त्यांनींच आफ्रिकेंतून आणल्याची नोंद केली आहे. एकोणिसाव्या शतकांत गोऱ्या नटांनीं तोंडाला काळें फांसून तें रंगभूमीवर आणलें, आणि पुढें मूळ मालकाचें नांव विसरलें गेलें. डोंगराळ मुलुखांतल्या गोऱ्यांचें ‘शुद्ध’ संगीत म्हणून ज्याचें कौतुक झालें, त्याची ही कुळकथा. ती ध्यानांत ठेवली म्हणजेच डॉक बॉग्झ याचें चरित्र नीट उलगडतें.

मोरन ली ऊर्फ डॉक बॉग्झ ७ फेब्रुवारी १८९८ रोजीं व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य टोंकाला, नॉर्टन गांवाजवळ जन्मला. दहा भावंडांत तो शेंडेफळ. त्याच्या जन्माच्या थोडेंच आधीं तेथें आगगाडी पोहोंचली होती व तिच्यामागोमाग कोळशाच्या कंपन्या. बाराव्या वर्षीं तो खाणींत उतरला. खाणींनीं व रुळांनीं नाना ठिकाणचे मजूर त्या खोऱ्यांत आणले. त्यांत कृष्णवर्णीय पुष्कळ. रुळांवरून चालत जाणाऱ्या एका कृष्णवर्णीय गिटारवाल्यामागें पोरवयांत आपण कसे रेंगाळत असूं, हें त्यानें म्हातारपणीं सांगून ठेवलें आहे. आसपासचे बहुतेक बँजोवाले नखानें तार खालीं झोडपीत; हा मात्र अंगठा व दोन बोटें यांनीं एकेक तार वर उचलून छेडीत असे, आणि ती रीत त्यानें कृष्णवर्णीय वादकांचीच पाहून उचलली. त्याचें ‘डाउन साउथ ब्लूज’ हें गाणें तर कृष्णवर्णीय गायिकांच्या तबकड्यांच्या द्वारां त्याच्यापर्यंत आलें. दुसऱ्या बाजूस ‘प्रिटी पॉली’ हें खुनाचें कथागीत. त्याचें मूळ इंग्लंडांत. दोन्ही गाणीं तो एकाच कोरड्या, चिरक्या आवाजांत म्हणतो, आणि बँजो त्याच्या गळ्याच्या पावलावर पाऊल टाकीत जातो. हें ऐकून कान सुखावतात असें आम्ही म्हणणार नाहीं. तें ऐकतांना अंगावर कांटा येतो, एवढें मात्र खरें.

१९२७ सालीं ब्रन्सविक कंपनीनें त्याला न्यूयॉर्कला नेऊन आठ गाणीं मुद्रित केलीं. आतां खाण सुटली, असें त्याला वाटलें असल्यास नवल नाहीं. १९२९ मध्यें दुसऱ्या एका लहान कंपनीनें आणखी चार घेतलीं. पण त्याच वर्षीं मंदीची लाट आली, ती कंपनी बुडाली, आणि गरिबाच्या घरांत तबकडी विकत घेण्यापुरता पैसा उरला नाहीं. घरांत निराळें भांडण होतें. पत्नी सारा धर्मशील. बँजो म्हणजे दारू, मारामाऱ्या व रात्रीचे जलसे, हें तिचें मत. तें सर्वस्वीं खोटें होतें असेंही नाहीं, कारण बॉग्झ स्वतः या तिन्ही गोष्टींत मुरलेला होता. तुणतुण्याला ओसरीवर येऊं न देणाऱ्या आपल्याकडील घरांना तिचा राग परका वाटूं नये. तिला एकटीला दोष देणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. बाजार टिकता तर गृहकलहही कदाचित् निभावला असता.

बँजो हातावेगळा झाला. पुढें सुमारें पंचवीस वर्षें बॉग्झ कोळसा खणीत राहिला. कामगारसंघाचा तो कट्टर अभिमानी होता. यंत्रें आलीं तेव्हां १९५४ च्या सुमारास तेंही काम सुटलें.

या मौनाच्या काळांतच, १९५२ सालीं, हॅरी स्मिथ यानें जुन्या तबकड्यांचा एक संग्रह फोकवेज कंपनीकडून प्रसिद्ध केला. चौऱ्यायशीं गाण्यांत दोन बॉग्झचीं होतीं. शहरांतले तरुण तीं पारायणासारखीं ऐकूं लागले. गाणारा कोठें आहे, आहे कीं नाहीं, याची वार्ता त्यांना नव्हती. १९६३ मध्यें माइक सीगर हा स्वतः वादक असलेला संशोधक नॉर्टनला जाऊन त्याला भेटला. बॉग्झनें आपला बँजो नुकताच परत मिळविला होता. त्याच वर्षीं तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवांत हजारों श्रोत्यांसमोर बसला.

या ‘शोधा’चा गवगवा पुष्कळ झाला. श्रोत्यांना वाटलें, काळाचा स्पर्श न झालेला डोंगर आपण ऐकत आहों. वस्तुतः तो माणूस आगगाडी, खाण, तबकडी आणि काळा शेजारी यांनीं घडविला होता, आणि तरुणपणीं गिऱ्हाईक मिळालें असतें तर त्याला शोधावयास कोणाला जावें लागलें नसतें. सीगरनें गाण्यांबरोबर त्याचें बोलणेंही मुद्रित केलें, याबद्दल आम्हांस त्याचे विशेष आभार मानावेसे वाटतात. १९६५ मध्यें त्या मुलाखतींचीच एक तबकडी निघाली. तींत बँजोइतकीच खाण बोलते.

७ फेब्रुवारी १९७१ रोजीं, वयाची त्र्याहत्तर वर्षें ज्या दिवशीं पुरीं झालीं त्याच दिवशीं, बॉग्झ नॉर्टनलाच वारला.