ब्राउझरची निवड : नावे अनेक, इंजिने मोजकीच

संगणकावर किंवा मोबाईलवर संकेतस्थळे पाहण्यासाठी ज्या सॉफ्टवेअरचा वापर केला जातो, त्यास ब्राउझर असे म्हणतात. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, परीक्षांचे अर्ज अशी असंख्य कामे आज या एकाच खिडकीतून होतात. तरीही अनेक वापरकर्ते ब्राउझर निवडतच नाहीत; यंत्रासोबत जो येतो, तोच वापरतात. ब्राउझर कंपन्यांमधील स्पर्धेचा इतिहास या सवयीभोवतीच फिरतो.

पहिली स्पर्धा

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९९३ साली तयार झालेल्या मोझॅक या ब्राउझरमुळे महाजाल सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. मोझॅकच्या निर्मात्यांपैकी एक असलेले मार्क अँड्रीसन यांच्या नव्या कंपनीने डिसेंबर १९९४ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर बाजारात आणला आणि तो अल्पावधीतच आघाडीवर गेला. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर आणला व पुढे तो विंडोजसोबतच विनामूल्य दिला. आयताच मिळालेला ब्राउझर सोडून दुसरा शोधण्याचे कारण अनेकांना उरले नाही.

या प्रकरणी अमेरिकन सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी २००० मध्ये कंपनीच्या विभाजनाचा आदेश दिला. अपील न्यायालयाने २००१ मध्ये तो रद्द केला, मात्र कंपनीने मक्तेदारी टिकवण्यासाठी बेकायदा मार्ग अवलंबल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. तोपर्यंत नेटस्केपची आघाडी संपुष्टात आली होती.

स्पर्धा संपल्याचा परिणाम लगेच दिसला. ऑगस्ट २००१ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या सहाव्या आवृत्तीनंतर सातवी आवृत्ती येण्यास ऑक्टोबर २००६ उजाडला. दरम्यान, नेटस्केपने १९९८ मध्ये खुल्या केलेल्या संगणकीय संहितेतून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. गूगलचा क्रोम सप्टेंबर २००८ मध्ये आला.

मराठी वाचकांचा अनुभव

एकाच ब्राउझरवरील अवलंबित्वाची झळ मराठी वाचकांनाही बसली आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःचे फाँट वापरत असत. पानासोबत आपोआप उतरणाऱ्या फाँटचा मायक्रोसॉफ्टने पुरस्कारलेला प्रकार केवळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालत असे. त्यामुळे अन्य ब्राउझरमध्ये तीच बातमी निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन समोर येई. युनिकोड या सर्वमान्य मानकाचा स्वीकार झाल्यावरच ही अडचण दूर झाली.

इंजिन महत्त्वाचे

ब्राउझरच्या ज्या भागामुळे संकेतस्थळाची संहिता वाचनीय पानाच्या रूपात दिसते, त्यास इंजिन म्हणतात. आज बाजारात नावे पुष्कळ असली तरी प्रमुख इंजिने तीनच आहेत. ॲपलच्या सफारीत वेबकिट, फायरफॉक्समध्ये गेको आणि क्रोममध्ये ब्लिंक आहे. ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी आणि २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एजदेखील ब्लिंकवरच चालतो. अर्थात, क्रोम सोडून यांपैकी एखादा घेतल्यास सोयी आणि धोरणे बदलतात, इंजिन मात्र तेच राहते. सर्व संकेतस्थळे एकाच इंजिनासाठी तयार होऊ लागली, तर पूर्वीचीच परिस्थिती पुन्हा उद्भवू शकते.

भारतानेही स्वदेशी ब्राउझरसाठी प्रयत्न केले आहेत. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या स्पर्धेत डिजिटल प्रमाणपत्रांच्या भारतीय यंत्रणेस ब्राउझरमध्येच मान्यता असावी, अशी अट होती. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात झोहो कंपनीच्या उला या ब्राउझरला प्रथम क्रमांक मिळाला. उलादेखील क्रोमच्याच खुल्या संहितेवर आधारलेला आहे. नवे इंजिन उभारणे किती खर्चिक व दीर्घ पल्ल्याचे काम आहे, याची कल्पना यावरून येते.

नियमनाचे प्रयत्न

युरोपीय आयोगाच्या आग्रहामुळे मायक्रोसॉफ्टने २०१० पासून युरोपातील विंडोज वापरकर्त्यांसमोर विविध ब्राउझरची यादी ठेवली. एका आवृत्तीत ही यादी दाखवली गेली नाही, म्हणून आयोगाने २०१३ मध्ये कंपनीस ५६.१ कोटी युरोंचा दंड ठोठावला. अमेरिकेत गूगलने क्रोम विकावा, ही सरकारची मागणी न्यायाधीश अमित मेहता यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

निवड करताना

वेगातील फरक आता सामान्य वापरात फारसा जाणवत नाही. त्यापेक्षा पुढील बाबी तपासणे हिताचे ठरते.

सुरक्षा : ज्या ब्राउझरला नियमित सुधारणा मिळतात, तोच वापरावा. मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या अखेरच्या आवृत्तीस बहुतांश संगणकांवरील पाठबळ थांबवले. जुन्या संगणकावर तो असल्यास त्यावरून आर्थिक व्यवहार करू नयेत.

खासगीपणा : एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर वापरकर्त्याचा माग काढणाऱ्या त्रयस्थ कुकीज सफारी २०२० पासून आपणहून रोखतो, फायरफॉक्सही अशा मागोव्यास अटकाव करतो. क्रोममधून त्या हटवण्याची २०२० मध्ये जाहीर केलेली योजना गूगलने २०२४ मध्ये मागे घेतली. क्रोम वापरणाऱ्यांनी हा बदल सेटिंगमध्ये जाऊन स्वतः करावा. ब्राउझरमधील 'खासगी खिडकी' केवळ त्या यंत्रावरील नोंदी पुसते. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीपासून काही लपवत नाही.

बदलाची सोय : वाचनखुणा आणि पासवर्ड नव्या ब्राउझरमध्ये नेण्याची सोय बहुतेक प्रमुख ब्राउझरमध्ये असते. त्यामुळे एक ब्राउझर नेहमीच्या कामासाठी आणि वेगळ्या इंजिनाचा दुसरा जोडीला ठेवणे व्यवहार्य आहे. एखादे पान एकात नीट उघडले नाही, तर दुसऱ्यात ते पाहता येते. शिवाय, वेगवेगळ्या इंजिनांचे वापरकर्ते टिकून राहिले, तरच संकेतस्थळे तयार करणाऱ्यांना सर्वांसाठी समान मानके पाळणे भाग पडते.